'राहिलो' की 'राहिले'? हिब्रू शास्त्रातलं देवाचं आईपण

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे उत्तर कशाचं आहे ते इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. तुम्ही अहिल्यानगरच्या ख्रिस्ती घरात वाढलात. 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' ही प्रार्थना बोलता यायला लागल्यापासून तोंडात आहे. अलीकडे तुमच्या कानावर आलं की जुन्या करारातल्या देवाला मुळात पत्नी होती, अशेरा नावाची, आणि पुढे पुरुषांनी तिला खोडून टाकलं. हे खरं का, आणि खरं असेल तर शास्त्रात तिला शोधायचं कुठं, असं तुम्ही विचारता. शेवटी एक ओळ लिहिली आहे: आई गेल्यापासून 'पित्या' म्हणताना घसा अडतो.

मी गेली २२ वर्षं बायबलची हिब्रू शिकवते. तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकत्र आले आहेत आणि ते वेगळे करावे लागतील. त्या काळच्या लोकांनी एका देवीला भजलं का, हा एक. शास्त्राच्या मजकुरात खुद्द देवाविषयी बोलताना आईची भाषा आहे का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर जमिनीत सापडतं, दुसऱ्याचं क्रियापदांत. बहुतेक ठिकाणी या दोन्हींची खिचडी होते आणि मग अशेराच्या मागे धावताना माणूस यशया या संदेष्ट्याच्या ग्रंथाला ओलांडून पुढे जातो.

अशेरापासून सुरुवात करू. हिब्रू शास्त्रात, म्हणजे जुन्या करारात, हा शब्द सुमारे ४० वेळा येतो, कधी देवीचं नाव म्हणून, पण बहुतेक वेळा वेदीशेजारी रोवलेल्या लाकडी खांबासाठी किंवा झाडासाठी. ख्रिस्तपूर्व काळात शास्त्राचं ग्रीक भाषांतर झालं, तेव्हा या शब्दाच्या जागी बहुतेक ठिकाणी 'राई', म्हणजे झाडी, असा अर्थ बसला. लॅटिननं तोच उचलला, १६११ च्या इंग्रजी भाषांतरातही तोच आला. म्हणजे शेकडो वर्षं युरोपातला वाचक देवीच्या जागी झाडी वाचत होता. १९२९ मध्ये सीरियाच्या किनाऱ्यावर रास शम्रा इथं उत्खनन सुरू झालं, उगारित हे प्राचीन शहर आणि तिथल्या मातीच्या पाट्या बाहेर आल्या. त्यांत एल या मुख्य देवाची पत्नी, देवांना जन्म देणारी 'अथिरत' भेटली. हिब्रूतली अशेरा म्हणजे हीच. त्या झाडीआड कोण होतं हे तेव्हा कळलं.

मग सिनाईच्या वाळवंटात कुंतिल्लेत अज्रुद या जागी १९७५-७६ मध्ये झेएव मेशेल यांच्या तुकडीनं खोदकाम केलं. इ.स.पू. ८०० च्या आसपासचे मोठे रांजण सापडले. त्यांच्यावर शाईनं आशीर्वाद लिहिले आहेत: 'शोमरोनच्या यहवेच्या आणि त्याच्या अशेराच्या नावानं तुम्हाला आशीर्वाद', दुसऱ्या ठिकाणी 'तेमानच्या यहवेच्या'. हेब्रोनजवळच्या खिर्बेत एल-कोम इथल्या एका थडग्यातही असाच लेख आहे. यहवे म्हणजे ज्या चार अक्षरी नावासाठी आपण 'परमेश्वर' किंवा 'यहोवा' वाचतो तेच.

वादाचा मुद्दा 'त्याच्या' या शब्दात आहे. हिब्रूत विशेषनामाला 'माझा-त्याचा' असा प्रत्यय लागत नाही. 'त्याची अशेरा' असं लिहिलंय म्हणजे लिहिणाऱ्याच्या मनात देवी होती की तिचं चिन्ह असलेला खांब, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. मला खांबाची बाजू जड वाटते. पण खांब म्हटलं तरी तो कुणाचा तरी होताच. रांजणावरच्या ज्या दोन आकृत्या यहवे आणि त्याची बायको म्हणून फिरवल्या जातात, त्या अनेक जाणकारांच्या मते बेस या इजिप्शियन रक्षक-देवतेच्या धाटणीच्या आहेत. तो फोटो तुमच्यापर्यंत कधी ना कधी येईलच, तेव्हा हे लक्षात असू द्या.

लोकांच्या घरात ती होती, याबद्दल मात्र मला शंका नाही. शास्त्रच साक्ष देतं, आणि तेही तिच्या विरोधकांच्या तोंडून. मनश्शे राजानं अशेराची मूर्ती थेट यरुशलेमच्या मंदिरात ठेवली. पुढे योशीया राजानं इ.स.पू. ६२२ च्या सुमारास ती बाहेर काढून किद्रोनच्या ओढ्याकाठी जाळली. त्याच वृत्तांतात (२ राजे २३) एक वाक्य आहे ज्यावर मी दर वर्षी वर्गात थांबते: मंदिराच्या आवारात बायका अशेरासाठी विणत बसत. जाळपोळीच्या त्या यादीत मागांवर बसलेल्या या बायका क्षणभर दिसतात आणि नाहीशा होतात.

यिर्मया या संदेष्ट्याचा ग्रंथ वाचा, अध्याय ७ आणि ४४. आकाशाच्या राणीसाठी मुलं लाकडं गोळा करतात, बाप चूल पेटवतात, आया कणीक मळतात. सगळं घर लागलेलं आहे. यरुशलेम पडल्यावर लोक इजिप्तला पळून गेले आणि यिर्मया त्यांना म्हणाला, हे तुमच्या त्या पूजेचं फळ. तेव्हा बायकांनी त्याला उलट उत्तर दिलं: राणीचा धूप बंद केला तेव्हापासूनच आमचे हाल सुरू झाले, आणि पोळ्या आम्ही नवऱ्यांना ठाऊक नसताना केल्या होत्या का? यिर्मयाच्या ग्रंथानं हे उत्तर पुसलं नाही. ज्यांच्याशी भांडण आहे त्यांचं म्हणणं त्यांच्या शब्दांत जपून ठेवणारा धर्मग्रंथ मला फार आदरणीय वाटतो. ही राणी अशेरा होती की अश्तोरेथ, इश्तार यांच्यापैकी दुसरी एखादी देवी, यावर मतभेद आहेत.

म्हणून 'पुरुषांनी खोडून टाकलं' हे अर्धं खरं आहे. संदेष्ट्यांनी आणि राजांनी तिच्याशी लढाई केली, पण तिला पुजणाऱ्यांत पुरुष होते आणि तिला हटवणाऱ्यांच्या बाजूनं हुल्दा नावाची संदेष्टीही होती. मंदिरात सापडून योशीयाच्या हाती लागलेला नियमशास्त्राचा ग्रंथ खरा आहे असा निर्वाळा तिनंच दिला.

आता तुमच्या अडलेल्या घशाकडे येते, कारण माझ्या मते त्याला अशेराचा उपयोग नाही. तुम्ही ज्याच्याशी लहानपणापासून बोलत आलात त्याच्याशीच बोलायचंय. तिथं हिब्रू व्याकरण मदतीला येतं, आणि मराठी माणसाला ते इंग्रजी वाचकापेक्षा लवकर कळतं. आपल्याकडे क्रियापद लिंग सांगतं. 'तू आलास', 'तू आलीस' हा भेद हिब्रूतही आहे. इंग्रजी वाचकाला तो शिकवावा लागतो, माझ्या मराठी विद्यार्थ्यांना नुसता दाखवावा लागतो.

पण एका जागी हिब्रू आणि मराठीची वाट वेगळी होते. 'मी' बोलतो तेव्हा हिब्रूचं भूतकाळी किंवा भविष्यकाळी क्रियापद लिंग सांगत नाही. पुरुष म्हणेल 'बाती', बाईही म्हणेल 'बाती'. मराठीत मात्र 'आलो' किंवा 'आले', एक निवडल्याशिवाय तोंडच उघडता येत नाही.

हे ध्यानात ठेवून यशया ४२:१३-१४ उघडा. तेराव्या वचनात परमेश्वर वीरासारखा बाहेर पडतो, रणगर्जना करतो. क्रियापद तृतीयपुरुषी, पुल्लिंगी. लगेच चौदाव्यात तो स्वतः बोलू लागतो: मी फार काळ गप्प राहिलो, स्वतःला आवरलं, आता प्रसूतीच्या कळा येणाऱ्या बाईसारखा... पाहा, इथंच अडखळायला होतं. 'बाईसारखा'? 'बाईसारखी'? हिब्रूत ही अडचणच नाही. 'हेखेशेती', मी गप्प होतो किंवा होते. 'कय्योलेदा', प्रसवणारीप्रमाणे. मग तीन क्रियापदं एकापाठोपाठ: एफ्ए, एश्शोम, एश्आफ. कण्हेन, धापा टाकेन, श्वास ओढेन. उच्चारताना श्वास बाहेर पडतो आणि आत जातो.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात प्रसूती विभागात आयुष्य काढलेल्या एक निवृत्त परिचारिका होत्या. हे वचन मोठ्यानं वाचल्यावर त्यांनी पुस्तक मिटलं आणि म्हणाल्या, "बाई, ज्यानं हे लिहिलं त्यानं बाळंतपण निदान दाराबाहेरून तरी ऐकलंय. असाच आवाज असतो, याच क्रमानं." ते तीन शब्द मी तोपर्यंत शब्दकोशातून शिकवत होते. त्या दिवसापासून त्यांच्यासारखे शिकवते.

यशयाच्या याच भागात ४९:१५ आहे: आई आपल्या अंगावर पिणाऱ्या बाळाला विसरेल का? एक वेळ तीही विसरेल, पण मी तुला विसरणार नाही. पुढे ६६:१३: जशी आई आपल्या लेकराचं सांत्वन करते तसं मी तुमचं करीन. दोन्हीकडे देव 'मी' म्हणून बोलतो, म्हणजे दोन्हीकडे हिब्रू क्रियापद लिंगाबद्दल मौन पाळतं. होशेय ११ मध्येही तसंच: एफ्राइमला, म्हणजे इस्राएलाला, चालायला मी शिकवलं, त्याला कडेवर घेतलं. कवीनं हे हेतुपूर्वक केलं असं मी म्हणणार नाही. प्रथमपुरुषात त्याच्यापुढं दुसरा पर्यायच नव्हता. पण ऐकणाऱ्याच्या कानाला फरक पडतो. देव आईसारखं बोलतो तेव्हा हिब्रूत मध्ये येऊन 'मी पुरुष आहे' अशी आठवण करून देणारा प्रत्यय नाही. मराठीत तो आपण घालतो, नाइलाजानं.

दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी तुम्हाला फसवल्यासारखं होईल. याच ग्रंथात ५१:१२ ला 'तुमचं सांत्वन करणारा मीच' असं वाक्य आहे आणि तिथला 'करणारा' स्पष्ट पुल्लिंगी आहे. संपूर्ण हिब्रू शास्त्रात देवासाठीचं व्याकरण पुल्लिंगीच आहे. गणना ११:१५ मध्ये मोशे देवाला 'तू' म्हणताना 'अत्त' हे स्त्रीलिंगी रूप वापरतो. त्यावर मोठमोठे इमले बांधलेले मी पाहिलेत. ते जुन्या पद्धतीचं आखूड शुद्धलेखन असण्याची शक्यता मोठी आहे, म्हणून मी त्यावर काहीच उभारत नाही.

माझ्या मते सगळ्यात धीट वचन 'अनुवाद' या पुस्तकातलं ३२:१८ आहे. 'ज्या खडकानं तुला जन्म दिला त्याला तू विसरलास' असा पहिला चरण. दुसऱ्यात देवासाठी 'मेखोलेल' असा शब्द आहे. हे क्रियापद कळांनी पिळवटून निघण्याचं आहे, आणि त्याचं रूप पुल्लिंगी. मराठीत आणायचं तर 'तुला वेणा देऊन प्रसवणारा देव'. ऐकायला विचित्र वाटतं ना? हिब्रूतही ते इतकंच विचित्र आहे. त्यावर इस्त्री फिरवून 'निर्माणकर्ता' केलं की वचन मेलं.

'दया' या शब्दाचंही असंच आहे. हिब्रूत गर्भाशयाला 'रेखेम' म्हणतात आणि कळवळ्याला 'रखामीम', दोन्ही एकाच धातूचे. अमेरिकन अभ्यासक फिलिस ट्रिबल यांनी १९७८ मध्ये हा धागा सविस्तर उलगडला. एका बाळावर दोन बायकांनी हक्क सांगितला, त्या शलमोनाच्या न्यायाची गोष्ट आठवा: तलवार उपसली तेव्हा खऱ्या आईचे 'रखामीम' पेटून उठले. यिर्मया ३१:२० मध्ये एफ्राइमसाठी देवाचं आतडं तुटतं आणि पुन्हा त्याच धातूचं क्रियापद, दोनदा. मराठीत 'पोटमाया', 'आतडं तुटणं' हे शब्द आहेत, म्हणून मला वर्गात फार समजवावं लागत नाही. पण शब्दाच्या मुळावर सगळा भार टाकू नका. भाऊ समोर दिसल्यावर योसेफाचेही रखामीम उसळतात, आणि स्तोत्र १०३ मध्ये हेच क्रियापद बापासाठी आहे: बाप जसा लेकरांवर कळवळतो. पोटातून येणारी माया हिब्रूत बापालाही लाभते, हे मला या शब्दाचं खरं ऐश्वर्य वाटतं.

देवाच्या 'शद्दाय' या नावाचा स्तनांशी संबंध जोडतात. काही जण ते अक्कादी या प्राचीन भाषेतल्या 'पर्वत' या अर्थाच्या शब्दाशी जोडतात. व्युत्पत्तीचा निकाल लागलेला नाही. उत्पत्ती ४९:२५ मध्ये मात्र शद्दायच्या नावानं 'स्तनांचे आणि गर्भाशयाचे आशीर्वाद' मागितले आहेत, म्हणजे कवीच्या कानात तो नाद होता.

आत्म्याबद्दल. 'रूआख' म्हणजे वारा, श्वास, आत्मा. शब्द बहुधा स्त्रीलिंगी चालतो. उत्पत्ती १:२ मध्ये देवाची रूआख पाण्यावर 'मेराखेफेत' आहे, स्त्रीलिंगी रूप. हेच क्रियापद अनुवाद ३२:११ मध्ये पिलांवर पंख फडफडवणाऱ्या गरुडासाठी येतं. 'देवाची फुंकर पाण्यावर पंख पसरून घिरट्या घालत होती' असं एकदा म्हणून पाहा. आपल्याकडे 'आत्मा' तो असल्यामुळे हे चित्र पुसट झालंय. तरी व्याकरणाचं लिंग म्हणजे देहाचं लिंग नाही. आपली नदी 'ती', समुद्र 'तो', पाणी 'ते', त्यावरून कुणी काही सिद्ध करत नाही. शास्त्र लॅटिनमध्ये आणणाऱ्या, चौथ्या-पाचव्या शतकातल्या जेरोमनं हेच नोंदवलं: आत्मा हिब्रूत स्त्रीलिंगी, लॅटिनमध्ये पुल्लिंगी, ग्रीकमध्ये नपुंसकलिंगी, कारण देवाला लिंग नाही. म्हणून मी शब्दाच्या लिंगापेक्षा पंखांकडे पाहते.

'खोखमा', म्हणजे शहाणपण, मात्र निराळी आहे. तिथं नुसता प्रत्यय नाही, अख्खी बाई उभी आहे. नीतिसूत्रे १ मध्ये ती चौकात ओरडते, ८ मध्ये सांगते की डोंगर रोवले जाण्याआधी मी होते, ९ मध्ये सात खांबांचं घर बांधून जेवायला बोलावते. आपल्या छापील शास्त्रात तिला 'ज्ञान' म्हटलंय, नपुंसकलिंगी. तुम्ही पेन्सिलनं 'प्रज्ञा' लिहा आणि आठवा अध्याय पुन्हा वाचा. ८:३० मधला 'आमोन' शब्द कारागीर असाही वाचतात, अंगाखांद्यावर वाढलेलं लेकरू असाही. लगेच ती म्हणते की मी त्याच्यापुढं खेळत होते. विश्व घडत असताना कुणीतरी आनंदानं खेळतंय! ती देवी आहे का, देवाचा गुण आहे का, कवीची कल्पना आहे का? मी वर्षानुवर्षं वाचते आहे आणि मजकूर मला यातलं एकच निवडू देत नाही.

'शेखिना' हा शब्द तुमच्या कानावर आलाच असेल. तो हिब्रू शास्त्रात नाही. 'वस्ती करणं' हा धातू आहे, निवासमंडपासाठीचा 'मिश्कान' त्याच धातूचा आहे, पण देवाच्या सान्निध्याला 'शेखिना' म्हणणं रब्बींच्या, म्हणजे नंतरच्या यहुदी धर्मगुरूंच्या, काळातलं. इस्राएल बंदिवासात गेलं तेव्हा शेखिनाही बरोबर गेली, असं त्यांच्या चर्चांचा संग्रह असलेलं तालमूद सांगतं. ती उघडपणे स्त्रीरूप होते १२-१३ व्या शतकांतल्या कब्बाला या यहुदी गूढपंथाच्या ग्रंथांत. जे जिथलं आहे ते तिथंच ठेवून वाचावं, म्हणजे प्रत्येकाची गोडी वेगळी कळते.

एक कटू गोष्टही सांगते. संदेष्ट्यांच्या ग्रंथांत स्त्रीची प्रतिमा प्रत्येक वेळी मायेची नाही. होशेय २ मध्ये इस्राएल, यहेज्केल १६ आणि २३ मध्ये यरुशलेम व्यभिचारी बायको आहे आणि तिला होणारी शिक्षा वाचवत नाही. ही पानं मी वर्गात गाळत नाही. घरात मार खाल्लेल्या बायका माझ्या वर्गात बसलेल्या असतात आणि त्या पानांनी त्यांना काय होतं हे मी पाहिलंय. यशयाची आई सांगायची तर यहेज्केलची जखमही सांगितली पाहिजे.

मराठी वाचकाला एक मोह होतो, अर्धनारीश्वर किंवा शिव-शक्ती आणून हिब्रू शास्त्रावर बसवण्याचा. तो टाळा, हिब्रू शास्त्रात देवाला जोडीदारीण नाही. त्यापेक्षा पंढरपूर जवळचं आहे. विठ्ठल पुरुष, शेजारी रखुमाई आहे, तरी वारकरी खुद्द विठ्ठलालाच माउली म्हणतात. यशया देवाच्या बाबतीत हेच करतो. तुमच्याच नगरात राहिलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताला माउली म्हटलं, ते याच मातीतून. पंडिता रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं. १९२२ मध्ये त्या गेल्या, १९२४ मध्ये ते पूर्ण छापलं गेलं, आणि केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात ते काम बायकांनी केलं. एकटीनं पूर्ण शास्त्र भाषांतरित करणारी बाई आपल्या भाषेत होऊन गेली आहे, हे तुम्हाला तुमच्या घरात कुणी सांगितलं होतं का?

आता करायचं काय. अशेरावरचे व्हिडिओ महिनाभर बाजूला ठेवा. हिब्रू लिपीत २२ अक्षरं आहेत, मराठी माणसाला दोन आठवडे पुरतात. तोपर्यंत स्तोत्र १३१ वाचा, तीनच वचनं आहेत: आईजवळ शांत झालेलं, दूध सुटलेलं मूल. मग यशया ४२:१४ वहीत मराठीत स्वतः उतरवा. 'मी गप्प राहिलो' लिहायचं की 'मी गप्प राहिले', तिथं पेन थांबेल. दोन्ही लिहून पाहा आणि दोन्ही मोठ्यानं वाचा. माझ्या वहीत ती जागा गेली १५ वर्षं कोरी आहे. तुम्ही काय लिहिलंत ते मला जरूर कळवा.